सेंटर की बेस स्कूल? फेअरफॅक्समधल्या सहावीच्या पालकांसाठी

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत सहावीचं मूल असलं की हा प्रश्न येतोच. मुलाची एएपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड अकॅडमिक प्रोग्राम्स) लेव्हल फोरसाठी, म्हणजे हुशार मुलांच्या पूर्ण वेळ वर्गासाठी, निवड झालेली आहे. आता मिडल स्कूलला सेंटरमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांतली अशी मुलं जिथे एकत्र शिकतात त्या शाळेत, पाठवायचं, की बेस स्कूलमध्ये, म्हणजे घराच्या पत्त्यानुसार मिळणाऱ्या शाळेत, लेव्हल फोर असेल तर तिथेच ठेवायचं? त्यात गर्दीमुळे कार्यक्रम एका शाळेतून दुसरीकडे हलवायची चर्चा निघाली, की रविवारी मराठी शाळेबाहेर पालक दुसरं काही बोलत नाहीत.

सेंटरचं खरं बळ म्हणजे तिथली सोबत. आसपासच्या बऱ्याच शाळांतली मुलं एकत्र येतात, त्यामुळे तुकड्या पुरेशा असतात आणि मॅथकाउंट्स, सायन्स ऑलिंपियाड अशा स्पर्धांचे संघ सहज उभे राहतात. ज्या मुलाला आजवर वर्गात बरोबरीचं कुणी भेटलं नाही, त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण गर्दीही तिथलीच. आवारात ट्रेलरचे वर्ग, लांबची बस, जेवणाच्या पाळ्या. आमच्या मुलीची पाळी इतकी लवकर असायची की शेवटच्या तासापर्यंत तिला कडकडून भूक लागायची. आठवीनंतर ही मुलं आपापल्या हायस्कूलला पांगतात, तेही धरून चाला.

बेस स्कूलमध्ये घर जवळ आणि मित्र पुढे हायस्कूललाही बरोबर. लेव्हल फोर नसलं तरी मुख्य विषयांचे ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीचे, वर्ग सगळ्यांना खुले असतात. अडचण एकच: कार्यक्रम नवा असेल तर एकच तुकडी निघते, आणि तिचे शिक्षक बदलले की सगळी घडी विस्कटते.

टीजेचं, म्हणजे निवड करून प्रवेश देणाऱ्या थॉमस जेफरसन या सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान हायस्कूलचं, गणित मात्र नीट समजून घ्या. आधी कार्सन, लाँगफेलो, रॉकी रन अशा सेंटरांतूनच तिथे मोठ्या संख्येनं मुलं जात. 2020 मध्ये प्रवेश परीक्षा रद्द झाली. आता 550 जागांपैकी प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या 1.5 टक्के इतक्या जागा राखीव असतात आणि साधारण 100 जागा सगळ्यांना खुल्या. मूल ज्या शाळेत शिकतं त्या शाळेचा वाटा धरतात, त्यामुळे सेंटरमध्ये तेवढ्याच टक्क्यांसाठी चुरस जास्त. प्रकरण कोर्टात गेलं, पण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला नकार दिला आणि पद्धत कायम राहिली. तरीही केवळ टीजेसाठी शाळा निवडू नका. टीजेच्या अर्जासाठी लागणारं अल्जेब्रा वन आठवीपर्यंत बेस स्कूलमध्येही होतं, आणि ज्याचा अर्ज मंजूर होत नाही त्याचीही दोन वर्षं चांगली जायला हवीत.

दोनच वर्षं, हेच महत्त्वाचं. इथलं बहुतेक मिडल स्कूल सातवी-आठवीचं असतं. कार्यक्रम मध्येच हलला तर मुलाचं निम्मं मिडल स्कूल नव्या जागी रुळण्यात जातं. हलवायची चर्चा असेल तर सभेत इमारतीच्या क्षमतेचे आकडे ऐकून परत येऊ नका. विचारा: आत्ताचे किती शिक्षक सोबत जाणार? सातवीला अल्जेब्राचे किती वर्ग? बँड आणि भाषा त्याच पातळीवर सुरू राहणार का?

सहावीतून निघणाऱ्या मुलासाठी, बेस स्कूलमध्ये लेव्हल फोरच्या निदान दोन तुकड्या असतील तर मी बेस स्कूल निवडेन. एकच असेल तर सेंटर. आठवीत जाणाऱ्याला मात्र हलवणार नाही. जुन्या शाळेत राहू देत असतील आणि बस देत नसतील, तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून कारपूल करावं.