हद्द नागपूरची की पुण्याची? बसच्या रिफंडपायी गेलेले ९३,३९९ रुपये

आधी आकडे. नागपूर ते पुणे, स्लीपर, दोन तिकिटं, ५,७०० रुपये. ते परत मिळवायला गेलो आणि खात्यातून २४,९९९, मग ४९,९००, मग १८,५०० असे अकरा मिनिटांत ९३,३९९ रुपये गेले. लिहायला लाज वाटते. पण सुट्टी संपवून परतणाऱ्या, बॅगा भरून बसलेल्या माणसालाच हे लोक गाठतात, म्हणून लिहितोय.

भाऊबीज झाली, रविवारी रात्री आठची बस होती. दुपारी चारला मेसेज आला : तांत्रिक कारणामुळे फेरी रद्द. माझा संशय असा की आधी कमी भावात गेलेल्या सीटा परतीच्या गर्दीत पुन्हा विकायला हे कारण सोयीचं पडतं. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही, असा राज्य सरकारचा निर्णय २०१८ पासून आहे. तो किती पाळला जातो ते दिवाळीत या मार्गावरचे दर बघून ठरवा.

बुकिंग ॲपमध्ये फोन नंबर सापडेना, नुसतं ‘आपली समस्या निवडा’. म्हणून इंटरनेटवर नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं. घोडं इथेच पेंड खाल्लं. सगळ्यात वर आला तो दहा आकडी मोबाइल नंबर होता. एवढ्या मोठ्या ॲपचा मदत क्रमांक साधा मोबाइल नंबर कसा असेल, हा प्रश्न आज पडतो. त्या वेळी पडला नाही, कारण पलीकडच्याने पहिल्या रिंगला फोन उचलला. खरं कस्टमर केअर पहिल्या रिंगला फोन उचलतं का कधी?

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. त्याने पीएनआर विचारलाच नाही. मीच आपणहून सांगितला, तर म्हणाला, “ठीक है, ठीक है.” मग विचारलं ते खातं कुठल्या बँकेत आहे. ज्याने पैसे घेतले त्याला कुठून आले ते माहीत असतं. रिफंड ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे गेले तिथेच आपोआप परत येतो, त्याला बँकेचं नाव लागत नाही, फॉर्म लागत नाही. माझे ५,७०० पाचव्या दिवशी कुणालाही फोन न करता जमा झाले!

पुढचं तंत्र तुम्हाला माहीतच असेल. व्हॉट्सॲपवर ‘रिफंड फॉर्म’ आला. तो फॉर्म नव्हताच, एपीके फाइल होती, म्हणजे ॲप. फोनने लाल अक्षरांत बजावलं की हे ॲप धोकादायक असू शकतं. तो म्हणाला, प्ले स्टोअरच्या बाहेरचं असलं की असंच येतं, ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबा. दाबलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि मेसेजसाठी मुख्य ॲप म्हणून स्वतःला नेमून घेतलं. तिथेही ‘होय’. नंतर ‘पडताळणीसाठी’ ५ रुपये भरायचे होते, म्हणून कार्डाचे सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. ते ५ रुपये कधी कापले गेलेच नाहीत. हवे होते ते फक्त आकडे.

लोक विचारतात, ओटीपी कशाला दिलास? दिला नाही. एकही ओटीपी तोंडाने सांगितला नाही. मेसेज थेट त्यांच्याकडे जात होते आणि माझ्या फोनवर टिंग सुद्धा वाजत नव्हतं, कारण मेसेजची पेटीच त्यांच्या ताब्यात. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढंच घोकणाऱ्यांनी हे नीट वाचा. कळलं ते बँकेच्या ईमेलवरून, तेही पंचवीस मिनिटांनी.

असं झालं तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. ॲप काढून टाकायची घाई नको, तो पुरावा आहे. स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. कार्ड आणि नेटबँकिंग दुसऱ्याच फोनवरून बंद करा. मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मी भाऊजींच्या फोनवरून केला आणि शेवटचे १८,५०० समोरच्या खात्यात गोठले. आधीच्या दोन रकमा गिफ्ट व्हाउचरमध्ये गेल्या, म्हणजे गेल्याच. पोचक्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर उरलेला तपशील लगेच भरा.

पण ती तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे मला कुणी सांगितलं नाही.

नागपूरच्या ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, खातं पुण्याच्या शाखेचं, पुण्याला जा. सोमवारची रजा टाकून तिथे बसलो होतो. मंगळवारी पुण्यात चौकीवर गेलो, तर म्हणे घटना नागपूरला घडली, इथे कशी घ्यायची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, “मग त्या कलमालाच सांगा.” तिसऱ्या खेपेला, आयटी ॲक्टचा तपास निरीक्षकच करतात, साहेब बंदोबस्तात आहेत. हे मात्र खरं, तो कायदा निरीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याला तपास देत नाही. पण तपास आणि नोंद या दोन गोष्टी आहेत हो! चौथ्या खेपेला लेखी अर्ज दोन प्रतींत नेला, एका प्रतीवर शिक्का मागितला, आणि शिक्का मागताच खुर्ची मिळाली. तोंडी काही बोलूच नका.

बँकेची तऱ्हा निराळी. ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असं छापील उत्तर. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची तीही बँकेनेच. म्हणून कळवल्याची वेळ मिनिटासकट ईमेलमध्ये हवी. माझे तिन्ही व्यवहार कळवण्याआधीचे, त्यामुळे माझी बाजू लंगडी आहे, कबूल. तरी तक्रार लेखी दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही.

परतीचा प्रवास शेवटी एसटीनेच केला, गणेशपेठ स्टँडवरून. जे पहिल्यापासून करायला हवं होतं.

राहिले ते गोठलेले १८,५००. ते परत मिळवायला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी अर्ज केला, संहितेच्या कलम ५०३ खाली. अर्जाला पोचक्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि एफआयआरची प्रत जोडली. वकिलांचे ४,००० वेगळे. शिवाजीनगर कोर्टात दोन तारखा झाल्या. दोन्ही वेळा पोलिसांचं म्हणणं दाखल झालं नाही. परवा चौकीवर चौकशी केली, तर कळलं की तपास अधिकारी हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताला नागपूरला गेलेत.