टेक्सासमधली जमीन: गुरं ठेवावीत, मधमाश्या आणाव्यात की रान राखावं?

ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनच्या आसपास दहा-वीस-तीस एकर जमीन घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. घेताना दलाल "ॲग आहे, काळजी नको" एवढंच सांगतो. "ॲग" म्हणजे शेतजमीन म्हणून मालमत्ता करात मिळणारी सवलत. पण मालकी बदलली की त्या सवलतीचा अर्ज नव्या मालकाला नव्याने करावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच मोठी निवड समोर येते: आधीच्या मालकाची गुरं चालू ठेवायची, मधमाश्यांच्या पेट्या बसवायच्या, की जमीन वन्यजीवांसाठी राखायची? कायद्याला हे तिन्ही पर्याय मान्य आहेत.

आधी पैशाचं बघू. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. शाळा, काउंटी, दवाखाने यांचा मोठा खर्च मालमत्ता करातून निघतो, आणि तो कर जमिनीच्या बाजारभावावर बसतो. गावाकडे नाममात्र शेतसारा भरलेल्या माणसाला पहिलं बिल पाहून घाम फुटतो. समजा, 20 एकरांचा बाजारभाव 4,00,000 डॉलर आहे आणि सगळे मिळून कराचा दर 1.8 टक्के आहे. कर झाला 7,200 डॉलर. तीच जमीन शेतीच्या उत्पन्नक्षमतेवर एकरी 100 डॉलर धरली, तर मूल्य 2,000 डॉलर आणि कर फक्त 36 डॉलर. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या काउंटीचे वेगळे असतील, पण अंतर साधारण असंच प्रचंड असतं. घराखालचा तुकडा मात्र वेगळा काढून बाजारभावानेच धरतात.

गुरांकडून वन्यजीवांकडे वळलात तर हा कर वाढत नाही आणि कमीही होत नाही. जमीन आधी ज्या वर्गात होती, नैसर्गिक कुरण म्हणा किंवा लावलेलं गवत म्हणा, त्याच वर्गाचं मूल्य पुढे चालू राहतं. म्हणून निवड कराच्या रकमेवर करू नका. कोणतं काम तुमच्या हातून दरवर्षी खरोखर होईल आणि तुमच्या जमिनीला कशाची गरज आहे, या दोन प्रश्नांवर करा.

गुरं आणि गवत

शेजारच्या रँचरला चराई भाड्याने द्यायची, किंवा गवत कापून गठ्ठे बांधून न्यायला सांगायचं, ही सर्वांत सोपी वाट. तुम्ही शंभर मैलांवर राहत असाल तरी ती चालते. किती गुरं हवीत, कुंपण कसं हवं, हे काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणारं कार्यालय, ठरवतं, आणि लहान तुकड्यांवर अडचण इथेच येते. दहा-बारा एकर खडकाळ जमिनीवर निकषापुरती गुरं वर्षभर ठेवली की गवत मुळापर्यंत खाल्लं जातं, माती उघडी पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. 2011 च्या भीषण दुष्काळात तर चारा-पाण्यावाचून रँचरांनी कळपच्या कळप विकले. सुपीक सपाट जमीन, चांगलं कुंपण आणि भरवशाचा शेजारी असेल, तर या वाटेत वाईट काही नाही.

मधमाश्या

ही सोय 5 ते 20 एकरांपुरतीच आहे. किती पेट्या हव्यात हे काउंटीवर अवलंबून आहे. बऱ्याच ठिकाणी पहिल्या 5 एकरांना 6 आणि पुढे दर अडीच एकरांना एक असा हिशेब असतो, म्हणजे 20 एकरांना 12. स्वतः पाळायला वेळ नसेल तर पेट्या भाड्याने आणून ठेवणारे मधपाळ मिळतात. लहान तुकड्यासाठी हा पर्याय मला गुरांपेक्षा बरा वाटतो. तरी एक लक्षात असू द्या: पेट्यांतली मधमाशी युरोपातून आलेली आहे. तिच्यामुळे कर वाचतो, मध मिळतो, पण तुमच्या रानातल्या मूळच्या पाखरा-प्राण्यांसाठी काही केलं असं होत नाही.

वन्यजीव

1995 साली टेक्सासच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली आणि वन्यजीव व्यवस्थापनाला शेतीचा दर्जा मिळाला. त्याआधी जमीन थकली असली तरी करापायी तिच्यावर गुरं ठेवावी लागत. आता कायद्यात सात कामं दिली आहेत: अधिवासाची निगा, धूप रोखणं, भक्षकांचं नियंत्रण, जादा पाणी, जादा अन्न, निवारा आणि गणना. यांतली किमान तीन करायची.

"म्हणजे शिकार करावी लागेल का?" हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो. नाही. प्राणी माणसाच्या उपयोगाचे असावेत असं कायदा म्हणतो, पण त्या उपयोगात करमणूकही धरली आहे, आणि पक्षी पाहणं ही करमणूकच. शाकाहारी घराने निर्धास्तपणे हा मार्ग धरावा.

प्राणी मात्र तिथलेच, मूळचे हवेत. टेक्सासच्या टेकड्यांत चितळ आणि काळवीट दिसतात, दक्षिणेला नीलगाय दिसते. आपल्याला ते माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण ही सगळी मूळची भारताकडची, गेल्या शतकात इथे आणून सोडलेली जनावरं आहेत. त्यांच्यासाठी केलेलं काम इथे धरत नाहीत. पांढऱ्या शेपटीचं हरीण, बॉबव्हाइट लावे, रंगीत पेंटेड बंटिंग, निळे ब्लूबर्ड यांच्यासाठी केलेलं धरतात.

प्रत्यक्षात काय करायचं? ब्लूबर्डसाठी घरट्यांच्या पेट्या लावून त्यांची नोंद ठेवणं हा निवारा झाला. जमिनीलगत उथळ पाणवठा करून तो उन्हाळाभर भरता ठेवणं हे पाणी झालं. लाल फायर अँट या परदेशी मुंग्यांचा बंदोबस्त भक्षक नियंत्रणात येतो, कारण त्या जमिनीवरची पिल्लं मारतात. गणना तर आपल्याला परकी नाही: बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपलेल्या माणसाला ठरावीक जागी उभं राहून पक्षी मोजणं जड जाणार नाही. हरणांपुढे नुसतं मक्याचं पोतं ओतणं मात्र पुरत नाही. ते आमिष झालं, आहार नव्हे.

सिडार (जुनिपर) या झाडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ऑस्टिनच्या पश्चिमेला जमीन घेतली की सगळे सांगतात, सिडार कापा, पाणी पितो. कोवळा, कुरणात घुसलेला सिडार कापणं हे अधिवासाचं चांगलं काम आहे. पण गोल्डन-चीक्ड वॉर्ब्लर हा चिमुकला पक्षी घरटं बांधतो फक्त टेक्सासमध्ये, आणि तेही जुन्या सिडारच्या सालीचे धागे कोळ्याच्या जाळ्याने गुंफून. 1990 पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. उतारावरचे जुने सिडार आणि ओक सरसकट झोपवले तर ज्याच्यासाठी रान राखतो म्हणता, त्याचंच घर मोडलंत. करवत चालवण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या जीवशास्त्रज्ञाला जमीन दाखवा. त्यांचा सल्ला फुकट असतो.

कुठे अडतं

जमीन आदल्या वर्षी शेती किंवा लाकूड उत्पादनाच्या मूल्यांकनात असायलाच हवी. बाजारभावाने कर भरत असलेली जमीन थेट वन्यजीवांत जात नाही. आधी शेतीचा इतिहास उभा करावा लागतो, म्हणजे साधारणपणे सातांपैकी पाच वर्षं.

दुसरी अट जास्त फसवते. मोठी रँच तोडून पाडलेला तुकडा तुम्ही घेतला आणि आदल्या वर्षीपेक्षा क्षेत्र घटलं असेल, तर किमान क्षेत्राचं गुणोत्तर लागतं: एकूण एकरांतून 1 वजा करून एकूण एकरांनी भागायचं. 20 एकरांना 95 टक्के, साडेबाराला 92, दहाला 90. तुमच्या भागात किमान 92 टक्के लागू असेल तर दहा एकरांचा तुकडा बाद. इसार देण्याआधी अप्रेझल डिस्ट्रिक्टला हा एक फोन कराच.

अर्जाचा नमुना 50-129, सोबत वन्यजीव आराखडा, मुदत 30 एप्रिल. उशीर झाला तर काही काळ अर्ज घेतात, पण 10 टक्के दंड लागतो. आराखडा स्वतः लिहिता येतो, सल्लागार नेमायची सक्ती नाही. फोटो, पावत्या आणि तारीखवार वही मात्र ठेवा. वार्षिक अहवाल कधीही मागू शकतात. ग्रीन कार्ड नसलेल्यांनी आणखी एक करायचं: शेतजमीन घेतल्यापासून 90 दिवसांत केंद्रीय कृषी खात्याला कळवायचं, आणि आपल्याला ही करसवलत मिळते का, हे वकिलाकडून आधीच तपासायचं.

गुरांकडून वन्यजीवांकडे वळल्याने रोलबॅक, म्हणजे मागच्या वर्षांच्या वाचलेल्या कराची वसुली, लागत नाही. प्लॉट पाडले किंवा दुकान बांधलं तर मागच्या 3 वर्षांच्या करातला फरक भरावा लागतो. त्यावरचं व्याज आता काढून टाकलं आहे.

माझं मत विचाराल तर गुणोत्तरात बसणारी, झाडोरा आणि ओढा असलेली, तासा-दीड तासाच्या अंतरावरची जमीन निःशंकपणे वन्यजीवांसाठी राखावी. 5 ते 12 एकरांचा तोडलेला तुकडा असेल तर मधमाश्या. ह्यूस्टनच्या बाजूची, एकसलग कोस्टल बर्म्युडा गवताची जमीन असेल, तर शेजाऱ्याचा गवताचा करार लगेच मोडू नका: त्या दाट गवतात लाव्याच्या पिल्लांना चालायलाही वाट नसते, आणि ते काढून देशी गवत रुजवायला काही हंगाम जातात. करार चालू ठेवून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. आराखड्यात बसत असेल तर पुढे थोडी गुरं फिरती ठेवायलाही हरकत नाही. आळीपाळीने केलेली हलकी चराई अधिवासाच्या निगेतच मोजतात.