भाडं थकल्यावर राफ्टची मदत घेतली, त्याला आता आठ महिने झाले

मॅसॅच्युसेट्समध्ये भाडं थकलेल्या कुटुंबांना राज्य सरकारकडून ‘राफ्ट’ नावाची मदत मिळते. ह्यांचं गोदामातलं काम सुटलं आणि तीन महिन्यांत आमच्यावर ५,४०० डॉलरची थकबाकी चढली. जानेवारीत एका संध्याकाळी दाराच्या फटीत ‘नोटीस टू क्विट’, म्हणजे घर रिकामं करण्याची नोटीस, खोचलेली दिसली. मुदत १४ दिवस.

त्या रात्री मी मुलांचे कपडे बॅगेत भरायला घेतले होते. चौदा दिवसांत घर सोडायचंच, असा मी अर्थ लावला. तसं मुळीच नसतं. नोटीस ही फक्त पहिली पायरी. कोर्टाचा हुकूम झाल्याशिवाय मालक बाहेर काढू शकत नाही. आणि थकबाकीसाठी राफ्टचा अर्ज करायला नेमकी हीच नोटीस लागते. म्हणून ती फाडू नका, लपवू नका, आधी तिचा फोटो काढा.

नियम थोडक्यात: उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवं, १२ महिन्यांत जास्तीत जास्त ७,००० डॉलर मिळतात, पैसे थेट मालकाला जातात आणि ते फेडायचे नसतात.

आमचा अर्ज दीड तासात भरून झाला. पुढे तीन आठवडे तो तसाच पडून होता, कारण अर्धा अर्ज मालकाच्या हातात असतो. डब्ल्यू-नाइन हा कराच्या माहितीचा फॉर्म आणि घर त्यांच्या नावावर असल्याचा पुरावा त्यांनीच द्यायचा असतो. आमचे मालक वयस्कर, ईमेल उघडतच नाहीत. शेवटी मी स्वतः त्यांच्याकडे गेले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाचा फोटो माझ्या फोनवरून अर्जाच्या त्यांच्याच ऑनलाइन खात्यात चढवून दिला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तरी अर्ज परत आला. आम्ही ५,४०० लिहिले होते, मालकांच्या हिशोबात ६,०००. मधे ह्यांनी ६०० डॉलर रोख दिले होते आणि पावती घेतली नव्हती. मालकांनी जुनी वही काढली, पानं उलटत गेले, आणि पेन्सिलीने लिहिलेली ती नोंद तारखेसकट सापडली. मला तिथेच रडू फुटलं. त्या दिवसापासून आमच्याकडून एक डॉलरही रोख जात नाही.

तोवर मालकांच्या वकिलाने केस दाखल केलेली होती. कोर्टात ‘हाउसिंग स्पेशालिस्ट’, म्हणजे कोर्टाचेच मध्यस्थ, दोन्ही बाजूंना समोर बसवून बोलतात. आमचा अर्ज प्रलंबित आहे हे त्यांना दाखवलं आणि तारीख पुढे गेली. पैशाच्या अडचणीमुळे भाडं थकलं असेल आणि मदतीचा अर्ज सुरू असेल, तर सुनावणी पुढे ढकलण्याची तरतूद २०२३ पासून राज्याच्या कायद्यात कायम झाली आहे. पण ती आपोआप होईल म्हणून घरी थांबू नका. तारखेला हजर राहा, अर्जाची प्रत हातात ठेवा.

सातव्या आठवड्यात पैसे जमा झाले आणि केस मागे घेतली गेली. ज्या विभागीय संस्थेकडे आमचा अर्ज होता, तिथे फोन लागता लागत नसे आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. याचा मला अजून राग आहे. घर जाण्याच्या भीतीत असलेल्या माणसाला निदान एक ठरलेलं नाव तरी द्यायला हवं.

ही मदत मागची थकबाकी मिटवते, पुढच्या महिन्याचं भाडं आपल्यालाच उभं करावं लागतं. अर्ज अडकलेला असताना ह्यांना दुसरीकडे काम लागलं, म्हणून आम्ही सावरलो. वर्षाच्या मर्यादेतले १,६०० डॉलर अजून शिल्लक आहेत. ते लागू नयेत म्हणून दर पगाराला भाड्याचे पैसे आधी बाजूला काढतो.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका ताईंना अशीच नोटीस आली. तीन दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी आम्ही दोघी मिळून त्यांच्या मालकांकडे गेलो.