पावसाळ्यात कॅम्प सांभाळायचा तर राहायचं कुठे, तंबूत की मांगरात?

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रस्त्याच्या आतल्या बाजूला एका काजूच्या बागेत मी कॅम्प सांभाळतो. मागे डोंगर, डोंगराला लागून दाट राई, आणि वारा पडला की समुद्राची गाज इथपर्यंत ऐकू येते. पहिला पावसाळा मी तंबूत काढला, दुसरा बागेतल्या जुन्या मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू खोपीत. आता ओळखीतले दोघे-तिघे हेच काम धरायच्या विचारात आहेत आणि मालकाकडे राहायला काय मागावं, असं विचारतात. माझा अनुभव एका जागेचा आहे, तो तेवढाच धरून चाला.

तंबूबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. जांभ्याच्या जोत्यावर फळ्यांची माची, तिच्यावर जाड कॅनव्हासचा तंबू आणि वरून ताडपत्री. सगळ्यांना भीती असते ती पाणी आत येण्याची. ते आलं नाही. कॅनव्हासचा सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं मिटतात. फक्त आतून कापडाला हात किंवा ट्रंक टेकू द्यायची नाही, टेकली की तिथूनच ठिबकायला लागतं.

दुसरं म्हणजे पाहुण्यांजवळ असणं. एकदा रात्री दीडच्या सुमाराला एका लहान मुलीला उलट्या सुरू झाल्या, तिच्या आईने हळूच मारलेली हाक मला अंथरुणात ऐकू आली. मांगर तिथून शंभरेक पावलांवर आहे. धो धो पावसात त्याच्या नळ्यांवर, म्हणजे गोल कौलांवर, एवढा आवाज होतो की दारात उभं राहून कुणी ओरडलं तरी कळत नाही. कॅम्प सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. मी त्यावर उपाय म्हणून पाहुण्यांच्या शेडपासून मांगरापर्यंत दोरी ओढून आत घंटा बांधली आहे. चालतं, पण हाकेची सर तिला नाही.

आता ओल. किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो (वर आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त), आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. राईला लागून असाल तर पाऊस थांबला तरी झाडं तासभर गळत राहतात आणि ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, कातडी पट्ट्यावर चार दिवसांत हिरवट लव उगवते. याला माणूस सरावतो. मीठ चिनी मातीच्या बरणीत, लायटर प्लास्टिकच्या डब्यात, कपड्यांचे दोनच जोड: ओला जोड कामाचा, सुका जोड झोपेचा, आणि काहीही झालं तरी सुका जोड घालून बाहेर पडायचं नाही. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, म्हणून रात्री पाय कोरडे पुसून खोबरेल लावायचं. पायाला जखम असेल तर शेताच्या साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती असते. उतरावंच लागणार असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

मला जे सोसलं नाही ते अंथरूण. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मी सोबत नेली होती. आषाढ लागला तेव्हा ती नुसती गार लागायची. मग जड झाली. रात्री तिच्यात शिरलं की ती अंगाच्या उबेने गरम व्हायची आणि तिच्यातून एक आंबूस, ओल्या पोत्यासारखा वास सुटायचा. पहाटे तंबूच्या छताला आतून थेंब धरलेले असायचे. ते पावसाचे नव्हते. माझ्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून पाणी व्हायची आणि पुन्हा माझ्याच अंगावर टपकायची. दारं उघडी ठेवली तर बाहेरची हवाही तितकीच ओली. एकदा सकाळी गोधडी झटकायला घेतली तर आईने घातलेल्या टाक्यांच्या ओळीवर काळे ठिपके पडले होते. धुतले, लिंबू चोळलं, गेले नाहीत. पाऊस मी किती वेळ अंगावर घेतला असेन याचा हिशेब नाही, पण रात्री कोरडं अंथरूण मिळेना तेव्हा मी पहिल्यांदा काम सोडायचा विचार केला.

शेजारच्या काकी हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मांगरात जा आणि चूल थंड करू नको रे बाबा, घराक ओल लागता." मांगर म्हणजे काही महाल नाही. चिऱ्याच्या भिंती, सारवलेली जमीन, वर नळे, बाजूला झापांची (विणलेल्या माडाच्या झावळ्यांची) पडवी. पण आत चूल आहे आणि चुलीच्या वर आडवी दांडी. रात्री लाकडाचा एक ओंडका राखेत धुमसत ठेवायचा, दांडीवर गोधडी टाकायची. हवा थोडी जरी तापली तरी तिच्यात आणखी ओल मावते, ती कापडातून निघून नळ्यांच्या फटींतून वर जाते. तंबूत हे करता येत नाही. कॅनव्हासजवळ निखारा म्हणजे आगीचा धोका, आणि बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवली तर जीव जाऊ शकतो, हे कुणी सांगितलं नाही असं होऊ नये म्हणून लिहितो.

मांगराचे त्रास आहेतच. धुराने डोळे चुरचुरतात, कपड्यांना धुराचा वास येतो. उंदीर येतात आणि उंदरांमागे कधी धामण. वानरांनी उडी मारली की नळे सरकतात आणि त्याच रात्री नेमकी तिथे गळती लागते. तरी मला हे त्रास हाताने निस्तरता येतात. ओल्या गोधडीचं मला काही करता आलं नव्हतं.

पत्र्याच्या खोलीचाही पर्याय देतात. मी तिच्यात चार रात्री झोपलो, आवाजाने झोप लागली नाही, एवढंच सांगू शकतो.

तुमचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरतं असेल तर मात्र तंबूच घ्या, मीही त्या महिन्यांत पुन्हा तंबूत जातो. हवा कोरडी असते, पाहुणे जास्त असतात आणि त्यांच्याजवळ राहणं बरं पडतं. माची तेवढी हवीच. सुक्या पालापाचोळ्यात गोचिडी असतात, आणि 2016 साली दोडामार्ग तालुक्यात गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडल्यापासून इथले लोक काजूच्या बागेत जमिनीवर बसतानाही जपतात.

पावसाळा धरून वर्षभराचं काम असेल तर मी मांगर मागून घेईन. मालक म्हणेल, "तो पडका आहे, तंबू नवीन देतो." तरी मांगरच मागा आणि शाकारणीचं मेच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून टाका. मिरग (मृग नक्षत्र) जवळ आला की नळे परतणारा गडी पंचक्रोशीत मिळत नाही. लाकडंही तेव्हाच फोडून पडवीत रचून घ्या, वर एक झाप जास्तीचं टाका.