विकतची चॉकी : पहिल्यांदा रेशीम करणाऱ्याने घ्यावी का?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यात जोखीम घेण्याची हिंमत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जूनमध्ये बांधावर उभं राहून बघावं. आभाळाच्या भरवशावर घरातला पैसा मातीत टाकायला हिंमत लागते आणि ती इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कमी पडतात त्या दोन गोष्टी. चुकलं तर नेमकं किती जाईल याचा हिशोब, आणि चूक लगेच सुधारून पुन्हा करून बघायची संधी. कापसात चूक कळेपर्यंत दिवाळी येते आणि ती सुधारायला पुढचा पावसाळा उजाडावा लागतो. २० वर्षं कापूस केलेल्या माणसानेही ते २० वेळाच करून पाहिलेलं असतं. पाणी असलेल्या तुतीच्या बागेवर मात्र वर्षात रेशीम अळ्यांच्या ५-६ बॅच निघतात, म्हणजे अळ्या आणण्यापासून कोष काढण्यापर्यंतच्या ५-६ खेपा. दोन वर्षांत दहा वेळा हात बसतो, आणि एखादी बॅच गेली तरी महिन्याभराची मेहनत जाते, अख्खा हंगाम जात नाही. नव्या माणसाला जोखीम पेलायला शिकवणारा याच्याइतका चांगला धंदा आपल्या भागात दुसरा दिसत नाही.

पण हे शिक्षण पहिल्याच बॅचला बंद पडू शकतं. म्हणून चॉकी केंद्रातून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून, अळ्या विकत घेण्याची सेवा कितपत कामाची आहे, हे नीट तपासून घ्यायला हवं.

चॉकी म्हणजे अळीच्या पहिल्या दोन अवस्था, अंड्यातून निघाल्यापासून साधारण ७-८ दिवस. या दिवसांत तिला २६ ते २८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के दमटपणा लागतो. पाला शेंड्याकडचा, कोवळा, बारीक चिरलेला. जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, एप्रिलमध्ये दुपारी ४० च्या वर जातो. अशा हवेत नवख्या माणसाने घरातल्या खोलीत हे जमवायचं म्हणजे अवघड काम आहे. त्यात खरी फसगत अशी की चॉकीतली हयगय त्या आठवड्यात दिसत नाही. अळ्या जगतात, खातात, आणि पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत, सगळा पाला त्यांच्या तोंडी गेल्यावर, मरायला लागतात. एकूण पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला याच अवस्थेत जातो. म्हणजे नुकसान कळतं तेव्हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. विकतची चॉकी हा धोक्याचा आठवडा जाणत्या हातात देते. तिची किंमत याच गोष्टीसाठी मोजायची, आणि नव्या माणसासाठी ती रास्त आहे. पहिल्या वर्षी अंडीपुंज (एका पुंजात एका मादी पतंगाची अंडी) आणून घरी चॉकी करू नका.

आता सेवा घेताना काय बघायचं ते. अळ्या दुसऱ्या मोल्टला (कात टाकायला) बसलेल्या असताना उचलणं सगळ्यात चांगलं. त्या वेळी त्या खात नाहीत, त्यामुळे प्रवासात उपासमार होत नाही. ट्रे उघडून सकाळच्या उजेडात बघा. मोल्टला बसलेली अळी डोकं वर करून स्थिर असते, अंग ताणल्यासारखं चकचकीत दिसतं. ट्रेमधल्या बहुतेक अळ्या अशाच दिसल्या पाहिजेत. काही बसलेल्या, काही अजून खाणाऱ्या, काही उठून फिरणाऱ्या असा मिसळ माल असेल तर तो घेऊ नका. लहान-मोठ्या अळ्यांची बॅच पुढे प्रत्येक मोल्टला त्रास देते: अर्ध्यांना पाला हवा असतो, अर्ध्यांना नको असतो, आणि कोष विणायलाही चार-चार दिवस मागेपुढे होतं. बिलावर अंडीपुंजांचा लॉट नंबर आणि अंडी फुटल्याची तारीख लिहून घ्या. त्याच लॉटच्या अळ्या नेणाऱ्या आणखी दोघांचे फोन नंबरही घ्या. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

वाहतूक पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. ट्रे हवेशीर राहतील असे ठेवा, वर ओलसर कापड टाका, ताडपत्रीने घट्ट बांधू नका. ज्या गाडीतून आदल्या दिवशी कीटकनाशकाच्या बाटल्या नेल्या त्या गाडीत ट्रे ठेवू नका. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण त्या वासाने पूर्ण बॅच जाऊ शकते.

घरी आणल्यावर घाईने पाला टाकणं ही नव्या माणसाची सगळ्यात सर्रास चूक. ९५ टक्के अळ्या मोल्टमधून उठेपर्यंत थांबा. मग बेडवर, म्हणजे अळ्या पसरलेल्या थरावर, निर्जंतुकीकरणाची पावडर धुरळा, अर्धा तास जाऊ द्या, आणि त्यानंतर कोवळा पाला द्या. पुढच्या मोल्टला उलट क्रम: ९० टक्के बसल्या की पाला बंद, चुन्याची भुकटी, बेड कोरडा.

शेडची तयारी मात्र केंद्र करून देत नाही, ती तुमची. १०० लिटर पाण्यात २ किलो ब्लिचिंग पावडर आणि ३०० ग्रॅम विरलेला चुना. भिंती, जमीन, रॅक, जाळी सगळं भिजेल असं फवारा. एकदा आधीची बॅच निघाल्यावर लगेच, दुसऱ्यांदा अळ्या येण्याआधी ३ दिवस. पावडरचं पोतं उघडं राहून जुनं झालं असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि फवारणी म्हणजे नुसतं चुन्याचं पाणी होतं. पावडर दरवेळी नवी, बंद पाकिटातली घ्या. तण किंवा कीड मारायचा पंप इथे वापरू नका, वेगळा ठेवा. दारं-खिडक्यांना नायलॉन जाळी, नाहीतर उझी माशी शिरते. तिने अंडं घातलेल्या जागी अळीच्या अंगावर काळा डाग दिसतो.

बॅच बिघडली की नेहमीचं भांडण ठरलेलं असतं. शेतकरी म्हणतो चॉकी खराब होती, केंद्र म्हणतं तुमचं शेड खराब. याचा निवाडा बराचसा करता येतो. अळी फुगलेली, पिवळसर, टोचलं की दुधासारखा पाझर, तर ग्रासरी हा रोग. ती अळ्या आणल्यावर दोन-चार दिवसांतच, तिसऱ्या अवस्थेत दिसली तर संसर्ग बहुधा आधीचा. पाचव्या अवस्थेच्या शेवटी दिसली तर शेड, उकाडा किंवा पाला यांत कारण शोधा. अळी लुळी पडते, ओकते, विष्ठा ओली आणि माळेसारखी, तर फ्लॅचरी. ओला किंवा निबर पाला आणि कोंदटपणा ही तिची कारणं. मेलेली अळी कडक होऊन पांढरी भुकटी धरते ती मस्कर्डाइन, पावसाळा आणि थंडीतली. आणि सकाळी चांगला असलेला बेडच्या बेड संध्याकाळी डोकी हलवतोय, हिरवं पाणी ओकतोय, अंग आखडलंय, तर तो रोग नव्हे, विषबाधा. शेजारच्या कापसावर किंवा तुरीवर फवारणी झाली का, विचारा. इथे ते दोन फोन नंबर कामाला येतात. त्याच लॉटच्या तिघांकडे एकच लक्षण असेल तर केंद्राकडे जा. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमच्या शेडमध्ये बघा.

विषबाधेवर सोपा उपाय म्हणजे आधी चाचणी. शंका असलेल्या फांद्यांचा पाला ५० अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये द्या आणि एक दिवस थांबा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापसाचा पट्टा चारही बाजूंनी असेल तर पहिली बॅच त्या दिवसांत घेऊच नका. जून-जुलैत रोपं लावली, पाणी दिलं, तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पाला तयार होतो आणि सुरुवातीला तीच वेळ बरी. रात्री शेड उबदार ठेवता आलं की झालं. एप्रिल-मे हा अनुभवी लोकांचा खेळ आहे: छतावर पाचट, भिंतींना ओलं गोणपाट, दिवसातून अनेक वेळा पाणी.

पहिल्या बॅचला किती अळ्या? ५० अंडीपुंजांच्या. बाग २०० पोसेल अशी असली तरी ५०. काही केंद्रं १०० पेक्षा कमी देत नाहीत, तेव्हा शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या. १०० अंडीपुंजांच्या ४० ते ४५ हजार अळ्या होतात. त्यांना पाचव्या अवस्थेत ६०० ते ७०० चौरस फूट जागा आणि साधारण एक टन पाला लागतो, फांद्या धरून वजन त्याच्या दुपटीकडे जातं. नव्या घराला हा पसारा पहिल्या खेपेस झेपत नाही. दाटी होते, पाला ऐनवेळी संपतो. जोखमीचं शिक्षण म्हणतो ते हेच: पहिल्या खेपेला एवढंच लावा, की सगळं गेलं तरी दुसरी बॅच घेण्याचं मन आणि पैसा शिल्लक राहील. जे पहिल्याच वर्षी कर्ज काढून पक्कं मोठं शेड बांधतात, त्यांना एक बॅच बिघडली की हप्ता दिसतो, अळी दिसत नाही. घाबरलेला माणूस मग मेलेल्या अळ्या मोजायचं सोडून देतो. तुती लागवडीला आणि शेडला रोजगार हमीतून मदत मिळते, ती जरूर घ्यावी, पण पैसा टप्प्याटप्प्याने येतो हे धरून चाला. सुरुवातीला शेडनेटचं, पत्र्याचं साधं शेड चालतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पहाटेचा पाला बहुतेक घरांत बाईच टाकते. अळी सुस्तावलीये हे तिच्या नजरेला आधी कळतं. चॉकी आणायला, ट्रे बघून घ्यायला तिलाही न्या, आणि किती अंडीपुंज घ्यायचे हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.

विक्रीच्या बाजूने जोखीम पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरली आहे. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे, हजारएक किलोमीटर. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजार सुरू झाला आणि सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येऊ लागलं. कोष साठवून ठेवता येत नाही, आतला पतंग भोक पाडून बाहेर येतो, म्हणून जवळचा बाजार इथे फार मोठी गोष्ट आहे. भाव मात्र कुणाच्या हातात नाही. २०२० च्या टाळेबंदीत तो कोसळला होता. बाजारात नेताना पोचट, डागी, जोड कोष वेगळे काढा. त्यांनी चांगल्या मालाचाही भाव पडतो.

चॉकीला पैसे दिले ते वसूल झाले का, हे कळायला एक छोटा हिशोब करा. काढणीनंतर १ किलो कोष मोजा. १०० अंडीपुंजांमागे ६० ते ७० किलो कोष मिळाले तर बॅच चांगली. किलोला ६०० कोष बसतात आणि एकूण ६० किलो निघाले, तर ३६ हजार अळ्यांनी कोष केले. एकूण कमी निघाले पण किलोला ५५०-६०० च बसले, तर कोष भरदार आहेत. अळ्या मेल्या किंवा आल्याच कमी. किलोला ८०० बसले तर अळ्या जगल्या, पण शेवटच्या आठवड्यात पोटभर पाला मिळाला नाही. पहिल्या बाबतीत केंद्राशी बोला किंवा शेड बघा, दुसऱ्या बाबतीत बागेला खत-पाणी द्या.

विकतची चॉकी कधी सोडायची? ३०० च्या खाली अंडीपुंज घेणाऱ्याने सोडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरच्या चॉकीला वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी तुती लागते. मोठ्या अळ्यांच्या शेडमध्येच कोपरा करून चॉकी केली की तिथला रोग लहान अळ्यांना लागतो.

शेडच्या भिंतीवर खडूने प्रत्येक बॅचची एक ओळ लिहा: तारीख, लॉट नंबर, किती अंडीपुंज, किती किलो, किलोला किती कोष. चौथी बॅच निघाली की त्या चार ओळी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा, आणि मगच अंडीपुंज वाढवायचे की नाही ते ठरवा.