तिरकं, जाड आणि पायाखाली स्लॅब: रॉकवेल घ्यावा की झिला?

आपल्याकडे स्लॅब म्हटलं की तो डोक्यावरचा. ‘स्लॅब पडला का?’ हा प्रश्न घर बांधणाऱ्या प्रत्येकाला विचारून झालेला असतो. अक्षरांच्या दुनियेत मात्र स्लॅब पायाशी असतो. रोमन अक्षराच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या जोडल्या की झाला स्लॅब सेरिफ. त्यातही बोल्ड इटॅलिक, म्हणजे जाड आणि तिरका फॉन्ट निवडायची वेळ आली, तेव्हा मी काय केलं ते सांगतो.

काम साधं होतं. आमच्या भागातल्या धावणाऱ्यांच्या गटाचे टी-शर्ट. पुढे छातीवर इंग्रजीत ‘फिनिशर’, मागे मोठे आकडे. गटातल्या एका काकांनी अट घातली होती, ‘जाड पाहिजे, पण पळतंय असं वाटलं पाहिजे.’ गंमत म्हणजे या दोन गोष्टी मुळात एका घरच्या नाहीतच. इटॅलिक हे व्हेनिसचं, आल्डस मानुशियसच्या छापखान्यातून १५०१ साली पुस्तकात आलेलं, हाताच्या वळणाचं नाजूक अक्षर. जाडजूड स्लॅब जन्मला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये, भिंतीवरच्या जाहिरातीत ओरडण्यासाठी. दोघांचं लग्न लावलं की संसार कसा होतो, ते लावणाऱ्यावर असतं.

रोबोटो स्लॅब हा फॉन्ट मी लगेच बाजूला ठेवला. एरवी चांगला आहे, पण त्याला इटॅलिकच नाही. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये इटॅलिकचं बटण दाबलं, तर तो सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो. मग गोल ‘ओ’ एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात बारीक, आणि पट्ट्यांची टोकं कापलेल्या काकडीसारखी. त्या बटणावर भरवसा ठेवून काम छपाईला पाठवू नका, एवढंच म्हणतो.

उरले दोन, रॉकवेल आणि झिला स्लॅब. रॉकवेल मोनोटाइप या फॉन्ट-कंपनीचा, १९३४ सालचा. झिला फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलासाठी २०१७ मध्ये टिपोथेक या फॉन्ट-संस्थेच्या पीटर बिल्याक आणि निकोला जुरेक यांनी केलेला. (आपल्याकडची इंडियन टाइप फाउंड्री ही फॉन्ट-कंपनी सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक हाच बिल्याक.) झिला फुकट आणि मोकळा आहे, पण ते कारण मी मोजत नाही. फाइल शेवटी कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्यायची असते, छापणाऱ्याकडे फॉन्ट लागतच नाही.

रॉकवेल दिसायला भारदस्त. कंपासने काढल्यासारखे गोल, सगळीकडे जवळपास सारखी जाडी, कॅपिटल ‘ए’च्या शेंड्यावरसुद्धा पट्टी. बोल्ड इटॅलिकमध्ये तो पुढे झुकलेला पहिलवान वाटतो. सगळा मजकूर कॅपिटलमध्ये असेल, अक्षरं हातभर असतील, तर मी आजही तोच घेईन. आकडे तर त्याचे फारच देखणे.

पण त्याचं इटॅलिक म्हणजे सरळ अक्षरच, नीट दुरुस्त करून कलवलेलं. लहान ‘ए’ तसाच दुमजली, म्हणजे पोटावर कमान असलेला छापील वळणाचा राहतो आणि पायाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याही तशाच राहतात. आता ‘फिनिशर’ हा शब्द इंग्रजीत लिहून बघा. एफ, आय, एन, आय… एकामागून एक उभे दांडे, आणि प्रत्येकाच्या पायात पट्टी. जाळीतून शाई दाबून शर्ट छापणाऱ्या स्क्रीनवाल्याने पहिलं सॅम्पल आणून दिलं, तेव्हा सुती कापडावर शाई जराशी पसरली होती आणि त्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. अक्षरांखाली जणू रेल्वेचा फलाट! शब्दाची उंची दीड-दोन सेंटीमीटर, त्यामुळे लपवायलाही जागा नाही. अक्षरांमधली जागा वाढवून पाहिली, तर फलाट तुटला, पण शब्दही तुटला. दोन संध्याकाळी यातच गेल्या. चूक कापडाची, शाईची की माझी, हे छातीठोक सांगता येणार नाही. तरी त्या दोन संध्याकाळींनी माझ्यापुरता निकाल लावला.

झिलाचं इटॅलिक वेगळं काढलेलं आहे, नुसतं कलवलेलं नाही. लेखणी जशी अक्षरात शिरते आणि बाहेर पडते, त्या चालीने त्याचे पाय सुटतात, त्यामुळे खालची गर्दी कमी. तोच शब्द, तीच उंची, तीच जाळी, आणि दुसरं सॅम्पल पहिल्या फटक्यात वाचता आलं. ‘पळतंय’ हेही झिलातच जास्त जाणवलं. रॉकवेल झुकतो, झिला चालतो, असं मला वाटलं. काकांना मात्र फरक दिसलाच नाही. ते म्हणाले, ‘बरंय, छापा.’

दोघांनाही परिच्छेदभर वापरू नका. तीन-चार शब्द, फार तर एखादी ओळ. मासिकातलं ठळक उद्धरण, बरणीवरचं लेबल, सामन्याचं पोस्टर. त्यापुढे डोळे थकतात.

आणि शेजारी मराठी ओळ असेल तर ती तिरकी करण्याचा मोह टाळा. देवनागरीची पट्टी डोक्यावर असते. शिरोरेषा आडवी राहते, खाली काने कलंडतात, आणि वेलांट्या वाऱ्यावर उडालेल्या टोप्यांसारख्या दिसतात. मी तिथे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट, बोल्ड आणि सरळ ठेवला. खाली तिरका झिला, वर सरळ मुक्ता. कुठे खटकलं नाही.

पाठीवरचे आकडे मात्र मी गुपचूप रॉकवेलमध्येच ठेवले. साठ शर्ट वाटून झाले, अजून कुणी विचारलेलं नाही.