यू-बूट, यंत्रमागाच्या शेडमध्ये: अठरा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोली आणि साखर पेठ मिळून आमचे ३८ डबे यंत्रमागाच्या शेडमध्ये भिंतींना लावलेले आहेत. एक डबा सोळा मागांचे पिक (विणताना टाकले जाणारे आडवे धागे) मोजतो, कुठला माग किती वेळ बंद होता ते टिपतो आणि पाळी संपली की कारखानदाराच्या फोनवर हिशोब पाठवतो. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर, ५१२ एमबी डीडीआर३ रॅम आणि ४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली साठवण. आराखडा बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डाच्या खुल्या आराखड्यावरून घेतलेला. त्यावर लिनक्स चालतं, पण हा अनुभव लिनक्सच्या आधी जे चालतं त्या यू-बूटचा आहे. जानेवारी २०२४ पासून आमच्या डब्यांतल्या यू-बूटची देखभाल मी करते.

यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू झालं की लिनक्स उभं करून देणारा प्रोग्राम. बूटलोडरकडे कुणी लक्ष देत नाही, एकदा चालला की पुरे, असं मलाही वाटायचं. पण शेडमध्ये डबा चालू-बंद करायला माणूस नसतो. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. शहराच्या पूर्वभागात पावसाळ्याच्या तोंडावर हे एका दुपारी पाच-सहा वेळा होतं. दर वेळी डब्याला स्वतःहून उभं राहावं लागतं आणि तो उभा राहतो की नाही हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरतं. प्रोसेसरमधला कायमचा रॉम कोड ईएमएमसीवरून एसपीएल नावाचा छोटा तुकडा चिपच्या आतल्या मेमरीत आणतो, एसपीएल बाहेरची रॅम जागी करतो, मग त्या रॅममध्ये पूर्ण यू-बूट येतो आणि तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो. यातली एक पायरी चुकली तर वरचं सगळं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, पडद्यावर काळोख.

आधी आमच्याकडे बोर्ड बनवून देणाऱ्या कंपनीने दिलेली प्रत होती. २०१४ सालची, एका झिप फाईलमध्ये, गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीचा, इतिहास नसलेली. कुणी काय बदललं आणि का, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी मूळ यू-बूटची २०१४.०७ ही आवृत्ती उतरवून दोन्हींची तुलना केली तेव्हा हजारो ओळी वेगळ्या दिसल्या. त्यातल्या बहुतेक ओळींत फक्त ओळ संपवण्याचं चिन्ह विंडोजचं झालेलं होतं. तो फरक गाळल्यावर खरे बदल तीनशे ओळींच्या आत उरले: रॅमची टायमिंग, पिनांची जोडणी, पॅनेलचा दिवा आणि बूट कमांड. एवढ्यासाठी आम्ही दहा वर्षं जुन्या कोडला बांधून घेतलं होतं. तुमच्याकडे अशी प्रत असेल तर निदान एवढी तुलना तरी एकदा करा. एक दिवस लागतो आणि आपण कशावर उभे आहोत ते कळतं.

मूळ यू-बूटच्या २०२४.०१ वर यायला मला सात शनिवार-रविवार लागले. मधल्या काळात त्यात बरंच बदललं आहे. पूर्वी बोर्डाची सगळी सेटिंग एका हेडर फाईलमध्ये लिहायची, आता ती केकॉन्फिग या पर्याय निवडायच्या व्यवस्थेत गेली आहेत. ड्रायव्हर नव्या ड्रायव्हर मॉडेलवर आले आहेत आणि हार्डवेअरचं वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाईलमधून येतं. जुना बोर्ड कोड जसाच्या तसा कंपाइल होण्याचा प्रश्नच नव्हता. मी तो सोडून दिला, एएम३३५एक्स ईव्हीएम या टेक्सासच्या चाचणी बोर्डाचा तयार कोड पाया म्हणून घेतला आणि त्यावर आमचे नऊ छोटे पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, ठेवले. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि सोबतच्या कमिट संदेशात त्याचं कारण. ही सवय मी यू-बूटच्या इतिहासातूनच उचलली. वुल्फगांग डेंक यांनी २००० च्या सुमारास पीपीसीबूट नावाने हे काम सुरू केलं, २००२ मध्ये त्याचं यू-बूट झालं. डेंक २०२२ मध्ये गेले. पण कुठल्याही फाईलच्या ओळीवर गिट ब्लेम चालवला की ती ओळ कुणी, कशासाठी लिहिली ते अजूनही सापडतं. सोलापुरात या कामातलं विचारायला माझ्याजवळ माणूस नव्हता. ते कमिट संदेश वाचूनच मी शिकले.

पहिली खरी परीक्षा मार्चमध्ये झाली. एका कारखान्यातल्या जॉबरचा (मागांवर देखरेख करणाऱ्याचा) फोन आला. "मॅडम, लाईट आलं, पण डब्बा चालू होईना झालंय. दिवा लागतंय नुसतं." मी गेले, झाकण उघडून सिरियल केबल जोडली तर यू-बूटचा प्रॉम्प्ट समोर. कसलीही चूक नाही, डबा निवांत आज्ञेची वाट पाहत बसलेला. बूट टाईप केलं, चालू झाला. पुढच्या आठवड्यात तेच, दुसऱ्या शेडमध्ये.

कारण बोर्डावरच्या सिरियल पिनेत होतं. यू-बूट सुरू होताना दोन सेकंद थांबतो आणि त्या वेळात सिरियलवर एखादं अक्षर आलं तर बूट थांबवून प्रॉम्प्ट देतो. आमच्या बोर्डावर ऐकणारी पिन मोकळी होती, तिला स्थिर पातळीवर धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर नव्हता, आणि तिला जोडलेली दहा सेंटिमीटरची वायर डब्यात लोंबत होती. लाईट आल्या आल्या कामगार मागांमागून माग सुरू करतात. त्या मोटारींचा जो विद्युत गोंगाट उठतो तो या वायरीवर उतरायचा आणि यू-बूटला वाटायचं की कुणीतरी कळ दाबली. माझ्या टेबलावर हे कधीच झालं नसतं, कारण टेबलावर केबल जोडलेलीच असते.

शेडमधल्या डब्यांवर मी लिनक्समधूनच एफडब्ल्यू-सेटएनव्ह ही आज्ञा वापरून बूटडिले, म्हणजे थांबायचा वेळ, उणे दोन केला. उणे दोन म्हणजे थांबायचं नाही आणि कळ दाबली का हेही बघायचं नाही. हे करताना सावध राहा. शून्य ठेवलं तरी एकदा कळ तपासली जाते, म्हणजे गोंगाटाला वाव उरतो. उणे एक केलंत तर आपोआप बूट होणंच बंद. आणि उणे दोननंतर कर्नल बिघडला तर कन्सोलवरून आत शिरता येत नाही. आमच्या बोर्डावर एसडी कार्डावरून बूट करायचं बटण आहे म्हणूनच मी हे धाडस केलं. पुढच्या आवृत्तीत ऑटोबूट कीड हा पर्याय चालू केला. आता ठरलेला शब्द पूर्ण टाईप केल्याशिवाय बूट थांबत नाही. नव्या बोर्डांवर दहा किलो-ओहमचा पुल-अपही आला.

पर्यावरण, म्हणजे यू-बूटचे साठवलेले व्हेरिएबल, हा दुसरा नाजूक भाग. ते लिहीत असताना लाईट गेली तर सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, जुळत नाही आणि यू-बूट "बॅड सीआरसी" म्हणत आत कंपाइल केलेल्या मूळ किमती घेतो. आमच्या जुन्या प्रतीत त्या मूळ किमती ईएमएमसीच्या भलत्याच विभाजनाकडे (पार्टिशनकडे) बोट दाखवत होत्या, त्यामुळे एक डबा कायमचा बंद पडला होता. आता मी दोन प्रती ठेवणारी सोय वापरते, एक बिघडली तर दुसरी शाबूत राहते. पण त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे: कंपाइल केलेल्या मूळ किमतींवरच डबा पूर्ण चालू झाला पाहिजे. प्रत्येक नव्या आवृत्तीत मी पर्यावरण मुद्दाम पुसून हे तपासते.

बूटकाउंट, म्हणजे बूटच्या प्रयत्नांची मोजणी, याबद्दल एक गोष्ट मला उशिरा समजली. सलग तीनदा बूट फसला की आधीच्या विभाजनावरून सुरू हो, अशी सोय बूटलिमिट आणि ऑल्टबूटकमांड देतात. मोजणी कुठे ठेवायची हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं. ती ईएमएमसीवर ठेवली असती तर आमच्याकडे घोटाळा झाला असता: लिनक्स पूर्ण उभं राहून मोजणी शून्यावर आणायच्या आत लाईट तीनदा गेली की चांगला डबा विनाकारण जुन्या सॉफ्टवेअरवर गेला असता. एएम३३५८ साठी यू-बूट ही मोजणी आरटीसीच्या, म्हणजे चिपमधल्या घड्याळाच्या, एका रजिस्टरमध्ये ठेवू शकतो. आमच्या बोर्डावर आरटीसीला बॅटरी नाही, म्हणून लाईट गेली की मोजणी पुसली जाते. वॉचडॉगने (सॉफ्टवेअर अडकलं की प्रोसेसर पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं तर ती टिकते. म्हणजे सॉफ्टवेअर अडकलं तर मोजलं जातं, लाईट गेली तर नाही. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. तुमच्या बोर्डावर बॅटरी असेल तर हा हिशोब बदलेल, तो आधी मांडून बघा.

मे महिन्याने मात्र खरी झोप उडवली. सोलापूरचा मे, पारा ४३-४४ वर, पत्र्याचं छप्पर. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पाच डबे अडकू लागले. सकाळी ठणठणीत, रात्रपाळीत ठणठणीत. कर्नलच्या चुका दर वेळी वेगळ्या पत्त्यावर, त्यात काही सूत्र सापडेना. आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला, दोन बदलले, फरक नाही. मग पाचही बोर्ड उघडून पाहिले तर पाचही दुसऱ्या खेपेचे निघाले. त्या खेपेला रॅम दुसऱ्या कंपनीची होती, कागदावर तंतोतंत जुळणारी.

डबे सगळीकडून बंदिस्त का, हवेसाठी जाळी का नाही, असं कुणी विचारेल. टॉवेलच्या शेडमध्ये हवेत सतत तंतू उडत असतात. जाळी ठेवली तर महिन्याभरात आत कापसाची गादी होते आणि उष्णता आणखी कोंडते. म्हणून डबा बंदच ठेवावा लागतो. एका दुपारी रॅमच्या चिपवर थर्मोकपल चिकटवून मोजलं तर ८८ अंश.

डीडीआर३च्या प्रत्येक पेशीतला भार आपोआप गळत असतो, तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. ८५ अंशांपर्यंत सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक रिफ्रेश पुरते. त्याच्या वर गळती वाढते आणि रिफ्रेश दर ३.९ मायक्रोसेकंदांना द्यावी लागते. आमची रॅम ४०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे ७.८ मायक्रोसेकंदांत ३१२० ठोके. एसपीएलमधल्या रिफ्रेशच्या रजिस्टरमध्ये नेमका हाच आकडा होता, कारण तो बीगलबोनवरून आलेला. पहिल्या खेपेची रॅम ८८ अंशांवरही निभावून नेत होती, दुसरीने नाही नेलं. कागद वाचला तर दोष रॅमचा नाहीच, तिला सांगितलेल्या मर्यादेबाहेर आम्हीच चालवत होतो.

मी टेबलावर बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने तापवला आणि यू-बूटची एमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली. यू-बूट स्वतः रॅमच्या वरच्या टोकाला बसलेला असतो, तेवढा भाग वगळून. थंड असताना रात्रभर एकही चूक नाही. ८७-८८ अंशांवर वीस मिनिटांत चुका. मग ३१२० चं १५६० केलं. तेच खोकं, तेच तापमान, रात्रभर एकही चूक नाही. एका आकड्याचा बदल, पण त्याची जागा बूटलोडरमध्येच. कोड आमच्या हातात नसता तर आम्ही पाचही बोर्ड फेकले असते आणि पुढच्या मेमध्ये आणखी पाच. रॅमचा थोडा वेळ आता जास्त रिफ्रेशमध्ये जातो. पिक मोजायच्या कामात तो जाणवत नाही.

आवृत्त्यांचं म्हणाल तर दर तीन महिन्यांनी नवी येते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. मी प्रत्येक आवृत्तीवर पॅच चढवून बघते, शेडमध्ये मात्र वर्षातून एकदाच नेते. बहुतेक वेळा अर्ध्या दिवसाचं काम. एकदा एसपीएल मावेना, लिंकरने सरळ नकार दिला. एएम३३५८ चा रॉम कोड १०९ किलोबाइटपर्यंतचाच तुकडा घेतो. यूएसबी आणि नेटवर्कवरून बूट करायच्या ज्या सोयी आम्ही कधीच वापरत नव्हतो त्या एसपीएलमधून काढल्या तेव्हा जागा झाली. खरं तर त्या पहिल्याच दिवशी काढायला हव्या होत्या. तसंच तयार बूट कमांड ईएमएमसीवर काही सापडलं नाही तर यूएसबी, मग नेटवर्क असं शोधत जाते. शेडमध्ये नेटवर्क नसतं, त्यामुळे नुसती वाट पाहण्यात मिनिटं जातात. आम्ही स्वतःची चार ओळींची कमांड लिहिली.

तक्रारी आहेत. दस्तऐवज पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहेत, तरी अर्धी उत्तरं कोडमध्येच शोधावी लागतात. एखाद्या पर्यायाचं नाव दोन आवृत्त्यांच्या मध्ये बदलतं आणि जुनं नाव कॉन्फिग फाईलमधून गुपचूप गळून जातं. म्हणून कंपाइल झाल्यावर तयार झालेली कॉन्फिग मी मागच्या वेळच्या कॉन्फिगशी ओळीओळीने ताडून बघते. हे केलं नसतं तर एकदा वॉचडॉगच बंद होऊन गेला असता. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन: ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल घ्या, पाच व्होल्टची कधी लावू नका, आणि पहिलं फ्लॅशिंग नेहमी एसडी कार्डावर करा, ईएमएमसीवर नाही.

३८ पैकी ३६ डबे आता नव्या कोडवर आहेत. या मेमध्ये दुपारचा एकही फोन आला नाही. उरलेले दोन साखर पेठेतल्या एका कारखान्यात आहेत. त्या मालकांना माग चालू असताना डब्याला हात लावलेला चालत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, त्या दिवशी त्यांची शेड बंद असते. सकाळी लवकर या आणि मिरवणुकीच्या आधी आटपा, असं त्यांनी सांगितलंय. एसडी कार्ड तयार करून ठेवलं आहे.